आत्याचा गुडघा आणि फोनमधल्या जाहिराती: सोशल मीडियाची पाळत कशी तोडायची

गेल्या पावसाळ्यात आत्याचे गुडघे धरले. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याचा जिना लाकडी आणि उंच पायऱ्यांचा, तिला वर-खाली करणं जमेना. रावपुऱ्यातल्या एका औषधांच्या दुकानातून तिने गुडघ्याचा पट्टा आणि मलम आणलं. बिल करताना काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "मासी, मोबाईल नंबर?" तिने सांगितला. तिसऱ्या दिवशी सोशल मीडियाचं ॲप उघडलं तर गुडघेदुखीचं तेल, सांध्यांच्या गोळ्या, गुडघा बदलण्याचं ऑपरेशन, सगळं एकाखाली एक. तेव्हापासून आत्या फोन पोह्यांच्या डब्यात ठेवायला लागली. घरातलं काही बोलायचं असलं की आधी फोन डब्यात, वर घट्ट झाकण, मग बोलणं. "मेला सगळं ऐकतो गं," ती म्हणाली.

तिची भीती मला खोटी वाटली नाही. काहीतरी घडत होतं हे नक्की. फक्त ते कुठून घडतंय हे शोधायला हवं होतं. आम्ही दोघी चष्मे लावून बसलो आणि त्यातल्या एका जाहिरातीच्या कोपऱ्यातली तीन टिंबं दाबली. 'व्हाय यू आर सीइंग धिस ॲड' असा पर्याय आला. आत तीन ओळी होत्या: तुमचं वय अमुक ते तमुक, तुम्ही वडोदऱ्यात राहता, आणि तिसरी ओळ अशी की जाहिरातदाराने दिलेल्या ग्राहकांच्या यादीत तुम्ही आहात. जाहिरातदार म्हणजे त्याच दुकानाची साखळी.

फोनने काही ऐकलं नव्हतं. आत्याने काउंटरवर दहा आकडे सांगितले होते, तेवढे पुरले.

हा लेख लिहिण्याचं कारण ते दहा आकडेच आहेत. आपण माइकला घाबरतो आणि ज्या दारातून माहिती खरोखर बाहेर जाते ती दारं सताड उघडी ठेवतो. वाड्यातल्या आणि भिशीतल्या बायकांचे फोन गेलं वर्षभर मी नीट करून देते आहे. त्यातून जो क्रम हाताला बसला तो इथे देते. मेनूची नावं इंग्रजी मेनूत दिसतात तशीच ठेवली आहेत, कारण बहुतेकांचे फोन इंग्रजीतच असतात. प्रत्येक कंपनीच्या फोनमध्ये जागा थोडी इकडे-तिकडे असते. सापडलं नाही तर सेटिंग्ज उघडून वरच्या शोधाच्या चौकटीत तो शब्द टाका.

माइकचं काय?

२०१८ साली अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी १७ हजारांहून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही ॲप त्यांना सापडलं नाही. मात्र वापरणाऱ्याच्या नकळत स्क्रीनवरच्या हालचालींचं चित्रण करून ते तिसऱ्याच कंपनीला पाठवणारी काही सापडली. चोवीस तास आवाज पाठवायचा तर बॅटरी आणि डेटा दोन्ही डोळ्यांदेखत संपले असते. आणि त्याहून मोठं कारण म्हणजे कंपन्यांना त्याची गरजच नाही. त्यांच्या हातात त्याहून स्वस्त आणि नेमकी साधनं आहेत.

तरीही ज्या ॲपला माइक लागत नाही त्याचा माइक बंद करा, त्यात नुकसान काही नाही. अँड्रॉइड १२ पासून माइक किंवा कॅमेरा चालू झाला की स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनवर माइकसाठी नारिंगी ठिपका आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा. ही खूण ओळखायला घरातल्या मोठ्यांना शिकवा. आत्या आता तिच्याकडे लक्ष ठेवून असते.

मग कळतं कसं?

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मी शाळेपासून जाते. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या ग्रंथपालाला अमेरिकेहून बोलावलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणलं, त्यातलं हे मुख्य. कुठलं पुस्तक मी कधी नेलं याची नोंद तिथे होते. पण ती नोंद मंगळबाजारातल्या साडीवाल्याकडे कधी गेली नाही, डॉक्टरकडे गेली नाही, माझ्या सासरी गेली नाही. नोंद ठेवणं ही एक गोष्ट आणि वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींना शिवणं ही दुसरी. सोशल मीडियाचा धंदा या शिवणीवर चालतो. २०२४ साली फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप चालवणाऱ्या मेटा कंपनीचं उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होतं आणि त्यातले १६० अब्जांहून अधिक जाहिरातींतून आले होते.

शिवण घालायला चार धागे लागतात.

पहिला धागा मोबाईल नंबर आणि ईमेल. दुकान आपल्या ग्राहकांचे नंबर एका ठरावीक सूत्रातून काढतं, त्याला हॅशिंग म्हणतात. नंबराची एक न वाचता येणारी अक्षरमाळ बनते. ॲपही आपल्याकडच्या नंबरांची तशीच माळ बनवतं आणि दोन्ही यादी जुळवून बघतं. जुळले त्यांना जाहिरात. नंबर उघडा दिला नाही असं कागदावर म्हणता येतं, पण माणूस मात्र ओळखला गेलेला असतो.

दुसरा धागा फोनचा जाहिरात-क्रमांक, म्हणजे ॲडव्हर्टायझिंग आयडी. प्रत्येक फोनला असा एक असतो. तुमचं रेसिपीचं ॲप, लुडो आणि पाळीची तारीख मोजणारं ॲप हे तिन्ही तोच क्रमांक वाचतात, आणि म्हणून ही तिन्ही एकाच बाईची आहेत हे बाहेर कळतं.

तिसरा धागा पिक्सेल. खरेदीच्या, औषधांच्या, नोकरीच्या, लग्न जुळवण्याच्या लाखो वेबसाइट्समध्ये सोशल मीडिया कंपनीच्या कोडचा एक छोटा तुकडा बसवलेला असतो. तुम्ही पान उघडलं, वस्तू टोपलीत टाकली, पैसे भरायच्या आधी विचार बदलला, हे सगळं तो कळवतो. ॲप्समध्ये हेच काम एसडीके नावाचा तयार कोड करतो. आणि आता तर वेबसाइटचा सर्व्हर, म्हणजे ती जिथे साठवलेली असते तो संगणक, थेट कंपनीच्या सर्व्हरला माहिती देतो. ते तुमच्या फोनवर घडतच नाही, त्यामुळे फोनवरचं कुठलंही कुलूप ते पूर्ण अडवू शकत नाही.

चौथा धागा तुमचा अंगठा. कुठल्या रीलवर किती सेकंद थांबलात, कुठली पुन्हा पाहिली, कुठली कोणाला पाठवली. हे ॲपच्या आतलं आहे आणि ते बंद करायचं बटण नाही. मला विचाराल तर तुमच्याबद्दल सर्वांत जास्त हाच धागा सांगतो. आजारपण, पैशाची चणचण, एकटेपणा, सगळं अंगठ्याच्या थांबण्यातून कळतं.

सुरुवात इथून: काय साठलंय ते बघा

बाकी काही केलं नाही तरी चालेल, पण ही एक पायरी आज करा. इन्स्टाग्राम किंवा फेसबुक उघडा, सेटिंग्जमध्ये 'अकाउंट्स सेंटर'मध्ये जा. तिथे 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', आणि त्याच्या आत 'युअर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज'. बाहेरच्या कोणत्या वेबसाइट आणि ॲप्सनी तुमच्याबद्दल मेटाला काय कळवलं त्याची ही यादी.

मी माझी उघडली तेव्हा बराच वेळ नुसती बघत बसले. तपासण्या घरी येऊन करणारी एक प्रयोगशाळा, दोन कर्ज देणारी ॲप्स (एकात मी फक्त व्याजदर पाहिला होता), वाडीलाल काकांच्या श्राद्धाला गाडी ठरवली ती कंपनी, मुलीच्या प्रवेशपरीक्षेचे क्लास. प्रत्येकापुढे तारीख आणि किती वेळा कळवलं तो आकडा. प्रयोगशाळेपुढे ११ होता. थायरॉइडची तपासणी मी घरातही कोणाला सांगितली नव्हती.

आता तिथे दोन गोष्टी करायच्या. 'क्लिअर प्रीव्हिअस ॲक्टिव्हिटी' दाबून मागचं तोडायचं, आणि मग 'मॅनेज फ्यूचर ॲक्टिव्हिटी'मध्ये जाऊन 'डिस्कनेक्ट फ्यूचर ॲक्टिव्हिटी' निवडायचं. नुसतं पहिलं केलं तर यादी पुन्हा भरते. भिशीतल्या निम्म्या बायकांनी पहिलंच केलं होतं.

यातून काय मिळतं आणि काय नाही हे स्वच्छ समजून घ्या. माहिती येणं थांबत नाही, ती तुमच्या खात्याला जोडली जाणं थांबतं. जाहिराती तेवढ्याच दिसतात. आणि एक परिणाम आधी माहीत हवा: 'लॉग इन विथ फेसबुक' वापरून जिथे शिरत होतात ती दारं बंद होतात. तशी ॲप्स असतील तर आधी त्यांत ईमेल आणि वेगळा पासवर्ड घालून घ्या, मगच हे बटण दाबा.

त्याच अकाउंट्स सेंटरमध्ये 'ॲड प्रेफरन्सेस' आहे. 'ॲक्टिव्हिटी इन्फर्मेशन फ्रॉम ॲड पार्टनर्स' या पर्यायात नकार नोंदवा. 'ऑडियन्स बेस्ड ॲडव्हर्टायझिंग'मध्ये ज्या व्यवसायांनी तुमचं नाव असलेली यादी चढवली ते दिसतात. एकेकाला नाही म्हणता येतं. आत्याचं औषधांचं दुकान आम्हाला इथेही सापडलं, आणि तिने स्वतःच्या बोटाने ते बंद केलं.

फोनचा जाहिरात-क्रमांक पुसा

हे दोन मिनिटांचं काम. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, मग 'गूगल', मग 'ॲड्स', आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी'. काही फोनमध्ये हेच 'सिक्युरिटी अँड प्रायव्हसी'च्या पोटात असतं. अँड्रॉइड १२ पासून क्रमांक पूर्ण पुसता येतो. जुन्या फोनवर पुसण्याचा पर्याय नसेल तर तो नुसता बदलता येतो, तेवढं तरी करा. आयफोनवर 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'ट्रॅकिंग', आणि 'अलाऊ ॲप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद. ॲपलने एप्रिल २०२१ मध्ये ही विचारणा सक्तीची केली, त्यानंतर मेटाने आपल्या जाहिरातींच्या उत्पन्नाला मोठा फटका बसेल असं जाहीरपणे सांगितलं. एका होय-नाहीच्या प्रश्नात किती पैसा आहे हे त्यावरून समजावं.

परवानग्या

सेटिंग्जमध्ये 'परमिशन मॅनेजर' शोधा. एकेका ॲपपाशी जाण्यापेक्षा इथे उलट बाजूने दिसतं: ठिकाण कोणाकोणाला कळतं, संपर्क कोण वाचतं, माइक कोणाकडे आहे. मी प्रत्येक वेळी ठिकाणापासून सुरू करते.

नकाशा आणि टॅक्सी यांना 'ओन्ली व्हाइल यूझिंग'. सोशल मीडियाच्या कोणत्याही ॲपला ठिकाण द्यायचं कारण मला अजून सापडलेलं नाही, तिथे सरळ 'डोन्ट अलाऊ'. हवामानाच्या ॲपला 'प्रिसाइज लोकेशन'चं बटण बंद करून ढोबळ ठिकाण द्या. पाऊस पडणार का हे कळायला आपण सूरसागरच्या कुठल्या काठाला उभे आहोत हे त्याला माहीत असण्याची गरज नाही. परवानगी काढली तरी इंटरनेटच्या आयपी पत्त्यावरून शहर कळतंच, ते टळत नाही. पण गल्ली, दवाखाना, देऊळ, कोणाच्या घरी किती वेळ बसलात, हे तरी थांबतं.

फोटोंची परवानगी देताना 'सिलेक्टेड फोटोज' निवडा. एक फोटो टाकायला सगळं कपाट उघडून द्यायला नको.

संपर्क यादी: हे एकट्याचं नाही

इथे मी जरा थांबणार आहे, कारण हे दार आपलं नसतं. तुम्ही 'फाइंड फ्रेंड्स' दाबून संपर्क चढवलेत की तुमच्या डॉक्टरचा, मोलकरणीचा, शेजारच्या घटस्फोटित मुलीचा नंबरही गेला. त्यांना कोणी विचारलं नाही. ज्याचं खातंच नाही अशा माणसाची माहितीही अशा रीतीने कंपनीपाशी जमते. आणि या जुळवणीतून 'ओळखीचे असू शकतील' म्हणून भलतीच माणसं समोर येतात.

याचा शेवट कुठे होतो त्याचं उदाहरण आहे. एप्रिल २०२१ मध्ये १०६ देशांतल्या सुमारे ५३ कोटी ३० लाख फेसबुक वापरकर्त्यांचे फोन नंबर आणि इतर तपशील इंटरनेटवर उघडे पडले. संपर्क जुळवण्याच्या याच सोयीचा गैरवापर करून ते २०१९ पर्यंत गोळा केले गेले होते. आयर्लंडच्या डेटा संरक्षण नियामकाने त्याबद्दल २०२२ मध्ये मेटाला २६.५ कोटी युरोंचा दंड केला. नंबर मात्र परत आले नाहीत.

करायचं ते असं. अकाउंट्स सेंटरमधल्या 'युअर इन्फर्मेशन अँड परमिशन्स'मध्ये 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' बंद करा आणि आधी चढवलेले संपर्क काढायचा पर्याय दिसेल तिथे तोही वापरा. मग फोनच्या परमिशन मॅनेजरमधून त्या ॲपची संपर्कांची परवानगी काढा. दोन्ही करायचं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'हाऊ पीपल फाइंड अँड कॉन्टॅक्ट यू' आहे, तिथे फोन नंबरवरून कोण शोधू शकेल याला 'ओन्ली मी'.

ॲपच्या पोटातला ब्राउझर

इन्स्टाग्रामवर दुकानाची लिंक दाबली की पान उघडतं, पण ते तुमच्या क्रोम किंवा सफारीत नसतं, ॲपच्याच आत असतं. २०२२ साली फेलिक्स क्राउस या संशोधकाने दाखवलं की अशा आतल्या ब्राउझरमध्ये ॲप उघडलेल्या पानात स्वतःचा कोड घालतं. म्हणून लिंक उघडल्यावर वरची तीन टिंबं दाबा आणि 'ओपन इन एक्स्टर्नल ब्राउझर' निवडा. बँक, विमा, औषधं, कपडे, काहीही विकत घ्यायचं असेल तर पान बाहेरच उघडा.

जून २०२५ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी आणखी गंभीर गोष्ट उघड केली. अँड्रॉइडवर फेसबुक आणि इन्स्टाग्राम ॲप्स मागे शांत चालू असताना, ब्राउझरमध्ये उघडलेल्या वेबसाइटवरचा मेटाचा पिक्सेल फोनच्या आतल्याआत त्या ॲपशी बोलत होता. म्हणजे ब्राउझरमध्ये तुम्ही कोण हे न सांगता फिरत असलात तरी नाव कळत होतं. कुकीज, म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या ओळखीच्या खुणा, पुसून उपयोग नव्हता. बातमी फुटल्यावर मेटाने हे थांबवलं. रशियातली यांडेक्स कंपनी अशीच युक्ती २०१७ पासून वापरत होती.

हे वाचल्यावर मी एक निर्णय घेतला आणि तो तुम्हालाही सुचवते: ज्या ॲपशिवाय चालतं ते फोनमधून काढून टाका आणि ब्राउझरमध्ये वापरा. फेसबुक ब्राउझरमध्ये उघडतं, फोटो दिसतात, नातेवाइकांचे वाढदिवस कळतात. संपर्क, फोनमधली इतर माहिती, मागे चालत राहणं हे सगळं बरंच कमी होतं. त्यासाठी फायरफॉक्स हा ब्राउझर घ्या, त्यात एका साइटची कुकी दुसरीला दिसू नये अशी सोय मुळातच चालू असते. ब्रेव्हही चांगला आहे. गुप्त खिडकी, म्हणजे इन्कॉग्निटो, हा फक्त घरच्यांपासूनचा पडदा आहे. वेबसाइटला तुम्ही दिसताच.

नंबर मागणारी दुकानं आणि गरब्याचे पास

बडोद्यात नवरात्र आलं की पासची धावपळ सुरू होते. नोंदणीला नंबर, ईमेल, फोटो. तिथे नियम पाळावे लागतात, पण जे फॉर्ममध्ये ताऱ्याच्या खुणेने सक्तीचं नाही ते भरू नका, आणि 'ऑफर्स पाठवा'च्या चौकटीतली आधीच केलेली खूण काढा.

दुकानाची गोष्ट वेगळी. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना स्पष्ट सांगितलं आहे की बिल देण्यासाठी मोबाईल नंबरचा आग्रह धरू नये. 'नंबर नाही देणार, कागदी बिल द्या' एवढं वाक्य पुरतं. गुजरातीत 'नंबर नथी आपवो, कागळनुं बिल आपो.' पॉइंट्सची ज्यांना हौस आहे त्यांनी एक जुनं सिमकार्ड आणि एक वेगळा ईमेल फक्त दुकानं आणि फॉर्मसाठी ठेवावा. बँक, आधार, घरचे यांना खरा नंबर. बऱ्याच यूपीआय ॲप्समध्ये नंबर नसलेला यूपीआय आयडी बनवता येतो, तो बनवून घ्या.

सोशल मीडियाच्या खात्यालाही मुख्य नंबर लावू नका. दोन पायऱ्यांच्या सुरक्षेसाठी एसएमएसऐवजी ऑथेंटिकेटर ॲप, म्हणजे फोनवरच दर वेळी नवा आकडा देणारं ॲप, वापरा. सुरक्षेसाठी दिलेले नंबर फेसबुकने जाहिरातींसाठीही वापरले, हा मुद्दा अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१९ मध्ये ५ अब्ज डॉलरचा दंड केला त्या प्रकरणात होता.

व्हॉट्सॲप

मजकूर कुलूपबंद आहे, २०१६ पासून. त्यावर माझा विश्वास आहे. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा, कुठल्या गटात, कुठल्या फोनवरून, हे कुलपाच्या बाहेर आहे. रात्री अडीचला बहिणीला चार वेळा कॉल आणि सकाळी हॉस्पिटलच्या नंबराशी गप्पा, एवढ्यावरूनही घरात काय झालं हे कोणाच्याही लक्षात येईल. २०२१ च्या धोरणात माहिती मेटाच्या इतर कंपन्यांशी वाटून घेणं 'मान्य करा नाहीतर जा' या पद्धतीने लादलं, म्हणून भारताच्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला.

सेटिंग्जमधल्या 'प्रायव्हसी'त जाऊन 'लास्ट सीन', प्रोफाइल फोटो आणि 'ग्रुप्स' तिन्ही 'माय कॉन्टॅक्ट्स'वर ठेवा. अनोळखी माणसाने परस्पर गटात जोडलं नाही की निम्मी डोकेदुखी जाते. त्याच पानाच्या तळाशी 'ॲडव्हान्स्ड' आहे, तिथे 'प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स' चालू करा. 'चॅट्स'मध्ये 'चॅट बॅकअप', आणि त्यात 'एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करा. त्याचा पासवर्ड वहीत लिहून कपाटात ठेवा, तो हरवला तर कोणीही परत देऊ शकत नाही. 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' लावा. 'लिंक्ड डिव्हायसेस'मध्ये अनोळखी संगणक दिसला तर तिथल्या तिथे बाहेर काढा. झेरॉक्सच्या दुकानात पीडीएफ छापायला लॉगिन करून तसेच घरी आलेले किती तरी जण मी पाहिलेत.

दोन गोष्टी अजून. दुकानाशी किंवा कंपनीशी व्हॉट्सॲपवर बोलता तेव्हा समोरची कंपनी ते संभाषण दुसऱ्या सेवेकडे सांभाळायला देऊ शकते, म्हणून तिथे आजाराचे कागद पाठवण्याआधी विचार करा. आणि मेटा एआयला, म्हणजे ॲपमधल्या उत्तरं देणाऱ्या निळ्या गोलाला, विचारलेले प्रश्न. डिसेंबर २०२५ पासून या गप्पा जाहिराती आणि मजकूर ठरवायला वापरल्या जातील असं मेटाने स्वतः जाहीर केलं. त्या निळ्या गोलाशी मन मोकळं करू नका.

अंगठ्याचा धागा, आणि मुलं

बटण नाही म्हटलं, पण पाटी कोरी करता येते. इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमध्ये 'कंटेंट प्रेफरन्सेस'मध्ये 'रीसेट सजेस्टेड कंटेंट' आहे. यूट्यूबवर 'वॉच हिस्ट्री' बंद केली की पहिलं पान रिकामं होतं आणि जे शोधाल तेच दिसतं. गूगल खात्याच्या 'डेटा अँड प्रायव्हसी'त 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी'ला तीन महिन्यांनी आपोआप पुसण्याची मुदत लावा.

मुलांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. शाळेचा गणवेश, ओळखपत्र, बसचा नंबर, घराचं फाटक, यातलं काहीही फोटोत येऊ देऊ नका. गरब्याच्या मैदानातून मुलीची स्टोरी जागेच्या नावासकट त्याच क्षणी टाकू नका, घरी पोचल्यावर टाका. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये 'लोकेशन टॅग' बंद ठेवा. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर त्यातलं ठिकाण निघून जातं, पण 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर अक्षांश-रेखांशासकट जातो.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. संमती मागताना हेतू सांगणं, संमती मागे घेता येणं, माहिती पुसून मागता येणं, अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई, हे त्यात आहे. उल्लंघनाला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. प्रत्येक मोठ्या ॲपला तक्रार अधिकारी नेमावा लागतो, त्याचा पत्ता ॲपच्या मदत विभागात असतो. पैसे गेले किंवा फोटोंचा गैरवापर झाला तर वाट न बघता १९३० ला फोन करा, तक्रार सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वरही नोंदवता येते.

यादी तोडल्यावर महिनाभराने आत्याकडे गेले होते. जाहिराती तेवढ्याच होत्या, पण त्यात आता ट्रॅक्टर होते, कुठल्याशा प्रोटीनची पावडर होती, गुडघा नव्हता. पोह्यांच्या डब्यात पोहे होते. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कालनिर्णयात, गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितात तिथेच, दर तिसऱ्या महिन्याच्या संकष्टीच्या चौकोनात तिने पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे: 'फोन तपासणे. बाहेरची यादी पुसणे.'